चॅटबॉटसह अभ्यास आणि संशोधन: कोणते काम स्वतःकडे ठेवावे

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआयने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले. तेव्हापासून गृहपाठ, निबंध, प्रबंधाचे प्रकरण किंवा शोधनिबंधाचा गोषवारा, असे कोणतेही लेखन समोर आले की लिहिणाऱ्याने त्यातले स्वतः किती लिहिले असेल, ही शंका वाचणाऱ्याच्या मनात डोकावतेच. या विषयावर वाद भरपूर झाला आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याला आज संध्याकाळी अभ्यासाला बसायचे आहे किंवा ज्या संशोधकाला महिनाअखेर निबंध पाठवायचा आहे, त्याला वादापेक्षा काम करण्याची रीत हवी असते. पुढे दिलेली रीत एका निरीक्षणावर उभी आहे: चॅटबॉट वापरला की नाही यापेक्षा तो कामाच्या कोणत्या टप्प्यावर वापरला आणि त्याच्याकडून आलेला मजकूर कोणी तपासला, यावर लाभ-हानीचा हिशेब बहुतांशी ठरतो.

सरावात पुढे, परीक्षेत मागे

या निरीक्षणाला सर्वांत भक्कम आधार तुर्कस्तानात उच्च माध्यमिक वर्गांच्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या गणिताच्या प्रयोगाचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या शोधपत्रिकेत तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचे तीन गट होते. एका गटाने नेहमीप्रमाणे वही-पुस्तकावर सराव केला, दुसऱ्याला साधा चॅटबॉट मिळाला आणि तिसऱ्याला असा चॅटबॉट मिळाला की ज्याला शिक्षकांनी त्या-त्या गणितासाठी सूचना पुरवल्या होत्या आणि थेट उत्तर न देता इशारे देण्यास सांगितले होते. सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांची कामगिरी पहिल्या गटापेक्षा ४८ टक्के आणि शिकवणीचा चॅटबॉट वापरणाऱ्यांची १२७ टक्के सरस ठरली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेण्यात आली. साधा चॅटबॉट वापरलेला गट, ज्यांना चॅटबॉट मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. शिकवणीच्या चॅटबॉटवाल्यांचे नुकसान मात्र जवळजवळ झाले नाही. याहून विचार करण्याजोगी बाब अशी की मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो आहोत याची जाणीवच नव्हती.

हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या एका अभ्यासक्रमात १९४ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष वरवर पाहता उलटा दिसतो. तिथे चॅटबॉटवर आधारलेल्या शिक्षकाकडे शिकलेल्यांनी, चर्चा आणि सरावावर भर देणाऱ्या वर्गात शिकलेल्यांपेक्षा कमी वेळात दुपटीहून अधिक प्रगती केली. परंतु तो चॅटबॉट अध्यापकांनी मुद्दाम घडवलेला होता. एका वेळी एकच पायरी पुढे न्यायची आणि विद्यार्थ्याला आधी विचार करायला लावायचे, असे बंधन त्याच्यावर होते. म्हणजे दोन्ही प्रयोग एकाच ठिकाणी येऊन मिळतात. विचाराचे कष्ट विद्यार्थ्याकडे राहिले तर लाभ होतो, ते यंत्राकडे गेले तर सरावातले गुण फुगतात आणि ज्ञान आहे तिथेच राहते.

यामागचे कारण चॅटबॉटपेक्षा जुने आहे. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले होते की उतारा पुन्हा-पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत, उतारा मिटून आठवण्याचा सराव केलेले त्यांना मागे टाकतात. वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा मनाचा समज होतो. चॅटबॉटचे सुघड उत्तर हा समज पुस्तकापेक्षाही वेगाने करून देते, कारण ते नेमके आपल्याच प्रश्नाला आणि आपल्याला रुचेल अशा भाषेत दिलेले असते.

सुरुवात कागदावर

म्हणून पहिला नियम असा की प्रश्न चॅटबॉटला विचारण्याआधी त्याचे उत्तर स्वतः लिहावे. चुकीचे असले तरी लिहावे, अर्धवट असले तरी लिहावे. पंधरा-वीस मिनिटे खरोखर झटावे आणि गाडी कुठे अडली ते एका वाक्यात नोंदवावे. हे एक वाक्य फार उपयोगी पडते. ‘मला हे गणित येत नाही’ असे म्हणणारा विद्यार्थी आणि ‘समीकरण मांडले, पण दोन अज्ञात राशी उरतात आणि दुसरे समीकरण कुठून आणायचे ते कळत नाही’ असे म्हणणारा विद्यार्थी यांना मिळणारी मदत वेगळी असते, मग मदत करणारा माणूस असो वा यंत्र.

त्यानंतर चॅटबॉटला जे सांगायचे ते स्पष्ट शब्दांत सांगावे. कोणतीही सूचना दिली नाही तर तो संपूर्ण उत्तर देऊन मोकळा होतो. सूचना साधारण अशी असावी: ‘खाली प्रश्न आणि माझे उत्तर दिले आहे. बरोबर उत्तर सांगू नका. माझ्या तर्कातली पहिली चूक कोणत्या पायरीवर आहे तेवढेच दाखवा आणि ती मला स्वतःला सुधारता येईल असा एक प्रश्न विचारा. मी उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.’ काही कंपन्यांनी आपल्या चॅटबॉटमध्ये अभ्यासासाठी वेगळी सोय दिली आहे आणि ती साधारण याच पद्धतीने चालते. पण ती एका टिचकीसरशी बंदही करता येते, त्यामुळे शिस्त शेवटी वापरणाऱ्याचीच.

एक उदाहरण नीट पाहू. प्रश्न असा आहे: सरळ वर फेकलेला दगड सर्वोच्च बिंदूवर असतो त्या क्षणी त्याचे त्वरण किती? पुष्कळ विद्यार्थी लिहितात, ‘सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य असतो, म्हणून त्वरणही शून्य असते.’ प्रश्न तसाच चॅटबॉटला दिला तर उत्तर लगेच येते की त्वरण गुरुत्वाकर्षणाइतकेच, म्हणजे सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि दिशा खाली. विद्यार्थी ते उतरवून घेतो आणि वेग व त्वरण यांची गल्लत डोक्यात जशीच्या तशी राहते. आता तोच विद्यार्थी वरच्या सूचनेसह आपले वाक्य देतो. चॅटबॉट विचारतो, ‘त्या क्षणी वेग आणि त्वरण दोन्ही शून्य असतील तर पुढच्या क्षणी दगड काय करेल?’ थोडा विचार केला की विद्यार्थ्याच्या लक्षात येते की असे झाले तर दगड हवेतच थांबून राहिला असता. वेग शून्य असला तरी तो बदलतो आहे आणि त्या बदलाचा दर म्हणजेच त्वरण, हे त्याने स्वतः गाठले. इथे चॅटबॉटने सांगितले जवळजवळ काहीच नाही, आणि त्यातच त्याचा उपयोग आहे.

अभ्यास मात्र इथे संपत नाही. चॅटबॉटची खिडकी बंद करावी, कोरा कागद घ्यावा आणि कोणाला तरी समजावून सांगत असल्याप्रमाणे स्पष्टीकरण पूर्ण वाक्यांत लिहावे. मग त्याच कल्पनेचा, पण वेगळ्या वेषातला प्रश्न सोडवावा: झोके घेणारा लंबक टोकाला पोहोचतो त्या क्षणी त्याच्या गोळ्याला त्वरण असते का? वेग तिथेही क्षणभर शून्य असतो, तरी गोळा मध्याकडे परततो, अर्थात त्वरण असते. असे प्रश्न तयार करून देण्याचे काम चॅटबॉट चांगले करतो आणि ते त्याच्याकडे बेलाशक सोपवावे. उत्तरे मात्र आधी आपली लिहून मग मागवावीत. दोन-तीन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने, जुने संभाषण न उघडता, तोच विषय आठवून लिहावा. ज्या ठिकाणी लेखणी अडते तेवढाच भाग पुन्हा अभ्यासावा.

निबंधलेखनात हाच क्रम पाळावा. पहिला मसुदा स्वतः लिहावा आणि चॅटबॉटला तो ‘सुधारून द्या’ असे कधीही म्हणू नये. त्याऐवजी ‘या युक्तिवादावर कडक वाचक कोणते आक्षेप घेईल’ किंवा ‘यातली कोणती तीन विधाने पुराव्याशिवाय केली आहेत’ असे विचारावे आणि दुरुस्ती पुन्हा आपल्या हाताने करावी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमधून जून २०२५ मध्ये ५४ जणांवरील एका प्रयोगाचा प्रीप्रिंट (शोधपत्रिकेत छापण्याआधी खुला केलेला मसुदा) बाहेर आला. चॅटबॉटच्या मदतीने निबंध लिहिलेल्यांपैकी बहुतेकांना आपण नुकत्याच लिहिलेल्या निबंधातले एक वाक्यही अचूक उद्धृत करता आले नाही, असे त्यात आढळले. नमुना लहान होता आणि तेव्हा तज्ज्ञांकडून समीक्षाही झालेली नव्हती, म्हणून त्यावरून ‘मेंदू गंजतो’ वगैरे जी शीर्षके झळकली ती अतिशयोक्तच म्हणावी लागतील. पण स्वतःचा निबंध मिटून त्यातला मुख्य युक्तिवाद पाच वाक्यांत सांगता येतो का, ही परीक्षा घरबसल्या घेता येते आणि ती घ्यावी.

होकार देणारा सोबती

चॅटबॉट चुकतो हे सर्वांना ठाऊक असते; तो कसा चुकतो हे ठाऊक असले तर पडताळणी सोपी होते. त्याची मूळ घडण पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता आहे याचा अंदाज बांधण्यासाठी झालेली असते. ओपनएआयच्या संशोधकांनीच सप्टेंबर २०२५ मध्ये एका निबंधात मांडले की चॅटबॉट ज्यांवर चालतात त्या संगणकीय प्रारूपांची (मॉडेलांची) गुणवत्ता ज्या चाचण्यांवर मोजली जाते, त्यांत ‘माहीत नाही’ या उत्तराला काहीच गुण मिळत नाहीत, तर ठोकून दिलेला अंदाज बरोबर आला तर गुण मिळतात. त्यामुळे ठामपणे अंदाज करण्याची सवय त्यांना लागते. परीक्षेला बसलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे सांगायला नको.

दुसरा दोष होकाराचा. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपल्या एका प्रारूपातील बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण ते वापरणाऱ्याची उघड खुशामत करू लागले होते. तो टोकाचा प्रकार दुरुस्त झाला, तरी सौम्य स्वरूपात ही प्रवृत्ती शिल्लक आहे. म्हणून ‘माझे उत्तर बरोबर आहे ना?’ असा प्रश्न विचारू नये. आपले मत कोणते ते न कळू देता दोन पर्याय समोर ठेवावेत किंवा नवे संभाषण उघडून तेच विधान ‘एका सहाध्यायाने असे लिहिले आहे, यात चुका शोधा’ असे सांगून द्यावे. बरोबर उत्तरावरही ‘मला हे चुकीचे वाटते’ एवढे म्हटल्यावर चॅटबॉट माफी मागून मत बदलतो का, हे एकदा करून पाहावे. त्याच्या ठामपणाला किती किंमत द्यायची याचा अंदाज येतो.

यावरून एक मर्यादा आखता येते. जे उत्तर आपल्याला पाठ्यपुस्तकातून, गणकयंत्रावर, प्रयोग करून किंवा मूळ कागद पाहून तपासता येईल, ते चॅटबॉटला खुशाल विचारावे. जे तपासण्याचे साधन आपल्याकडे नाही, त्या विषयात त्याच्याकडून निष्कर्ष घेऊ नये. कोणती पुस्तके उघडावीत, कोणते शब्द शोधावेत एवढीच दिशा घ्यावी. ज्या भाषांमधला मजकूर या प्रारूपांच्या प्रशिक्षणात कमी होता, त्या भाषांत चुकांचे प्रमाण वाढते, म्हणून पारिभाषिक विषयावरील मराठी उत्तर इंग्रजीत पुन्हा विचारून ताडून पाहणे फायद्याचे ठरते.

शिक्षकांनी काय करावे, काय करू नये

चॅटबॉटने लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या साधनांच्या भरवशावर कोणावरही आरोप करू नये. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच असे एक साधन आणले होते. कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार ते यंत्राने लिहिलेल्या मजकुरांपैकी २६ टक्केच ओळखत असे आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरांवर यंत्राचा शिक्का मारत असे. सहा महिन्यांत ते बंद झाले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ परीक्षा-निबंध सात वेगवेगळ्या साधनांना दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. मर्यादित शब्दसंपत्तीने आणि सरळ वाक्यांत लिहिणारा प्रामाणिक विद्यार्थी अशा साधनांच्या तावडीत सर्वांत आधी सापडतो. साधने आता सुधारली आहेत असा दावा केला जातो. पण शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात दोन-तीन निर्दोषांवर ठपका येणार असेल तर तो दावा पुरेसा नाही.

त्यापेक्षा कामाची प्रक्रिया पाहावी. मसुदे, टिपणे आणि चॅटबॉटशी झालेले संभाषण निबंधासोबत मागावे आणि पाच-सात मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत: हा मुद्दा आधी का घेतला, हा पुरावा काढला तर निष्कर्ष टिकतो का, या पदाचा तुमच्या शब्दांत अर्थ काय. ज्याने विचार केला आहे तो अडखळत का होईना, उत्तर देतो. प्रत्येक गृहपाठावर एका ओळीत लिहावे की यात चॅटबॉट चालेल की नाही आणि चालणार असेल तर कोणत्या टप्प्यासाठी. विषयागणिक नियम बदलतात आणि ते लिहिलेले नसले की विद्यार्थी आपल्याला सोयीचा अर्थ लावतात, त्यात त्यांचा सगळाच दोष नसतो.

संशोधकाच्या टेबलावर

संशोधनात धोका निराळा आहे. विद्यार्थ्याची चूक त्याच्यापुरती राहते. संशोधकाची चूक छापली जाते, तिचा संदर्भ दुसरे देतात आणि पुढच्या प्रारूपाच्या प्रशिक्षणातही ती जाते. चॅटजीपीटीच्या दोनच आठवडे आधी, १५ नोव्हेंबर २०२२ रोजी, मेटा कंपनीने वैज्ञानिक निबंधांवर प्रशिक्षित केलेले गॅलॅक्टिका हे प्रारूप खुले केले होते. त्याने विज्ञानाच्या भारदस्त भाषेत खोटे संदर्भ आणि चुकीची विधाने लिहून दिली, हे वापरणाऱ्यांनी लगेच दाखवून दिले आणि तीन दिवसांत ते मागे घ्यावे लागले. वैज्ञानिक भाषा साधली म्हणजे वैज्ञानिक सत्य साधले असे होत नाही, याचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक क्वचितच मिळते.

(प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्डसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला, त्याचा दाखला चॅटबॉटच्या समर्थनार्थ दिला जातो. ते एका नेमक्या कामासाठी घडवलेले आणि प्रयोगांशी ताडून पाहता येणारे साधन आहे. त्याचे यश चॅटबॉटच्या खात्यावर जमा करू नये.)

सर्वांत आधी संदर्भांची पडताळणी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत चॅटजीपीटीच्या प्रारूपांपैकी जीपीटी-३.५ ने दिलेले ५५ टक्के आणि जीपीटी-४ ने दिलेले १८ टक्के संदर्भ अस्तित्वातच नव्हते. आताचे चॅटबॉट इंटरनेटवर शोध घेऊन संदर्भ देतात, त्यामुळे निव्वळ काल्पनिक निबंध कमी झाले आहेत. म्हणून संशोधक निर्धास्त होतात, आणि खरा धोका तिथेच सुरू होतो. प्रत्येक संदर्भाची तपासणी तीन पायऱ्यांत करावी. डीओआय क्रमांक (निबंधाला दिलेला कायमचा ओळख-क्रमांक) डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून तो नेमक्या त्याच निबंधावर पोहोचतो का ते पाहावे. काल्पनिक संदर्भाला कधी कधी भलत्याच निबंधाचा खरा क्रमांक चिकटवलेला असतो. मग लेखकांची नावे, वर्ष, खंड आणि पृष्ठे जुळवावीत. तिसरी पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची: निबंध उघडून, आपण त्याच्या नावावर जे विधान करत आहोत ते त्यात कोणत्या परिच्छेदात आहे, ते शोधून पृष्ठ क्रमांक नोंदवावा. निबंध खरा, तपशील खरे, पण विधान त्यात नाहीच किंवा उलट आहे, हा प्रकार पहिल्या दोन पायऱ्यांत सापडत नाही. विधान सापडले नाही तर संदर्भ काढावा आणि दुसरा आधार मिळेपर्यंत विधानही बाजूला ठेवावे. निबंध मागे घेतला गेला आहे का, हे अशा निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या सूचीत पाहून घ्यावे. २०२३ पासून डीओआय क्रमांकांची नोंदणी करणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली आहे.

चॅटबॉटकडून निबंधांचे सार करून घेणाऱ्यांनी आणखी एक सापळा ओळखावा. २०२५ साली दहा प्रारूपांकडून करवून घेतलेल्या ४,९०० सारांशांची तुलना मूळ निबंधांशी करण्यात आली. माणसांनी केलेल्या सारांशांच्या तुलनेत यंत्राच्या सारांशांत निष्कर्ष अवाजवी व्यापक होण्याची शक्यता जवळजवळ पाचपट आढळली. ‘या अभ्यासातील रुग्णांना उपचाराचा फायदा झाला’ या भूतकाळी विधानाचे ‘हा उपचार फायदेशीर आहे’ होऊन जाते. नमुना, वयोगट, मात्रा सगळे गळून पडते. चमत्कारिक भाग असा की ‘अचूक सारांश द्या’ असे बजावल्यावर हा दोष वाढला. म्हणून सारांश मागताना कोष्टक मागावे: किती जणांवर, कोणावर, किती काळ, कशाशी तुलना, किती परिणाम, आणि लेखकांनी स्वतः सांगितलेल्या मर्यादा. प्रत्येक रकान्यापुढे मूळ वाक्य जसेच्या तसे द्यायला सांगावे आणि ते वाक्य निबंधात शोधून पाहावे. सारांशाचा उपयोग कोणता निबंध पूर्ण वाचायचा हे ठरवण्यापुरता. ज्याच्यावर आपला युक्तिवाद उभा राहणार तो निबंध स्वतः वाचण्याला पर्याय नाही.

संगणकाची आज्ञावली (प्रोग्रॅम) लिहून घेण्यात चॅटबॉटचा सर्वाधिक उपयोग होतो, कारण ती चालवून पाहता येते. परंतु चालली म्हणजे बरोबर, असे समजू नये. एक नेहमीची चूक पाहा: विदा (गोळा केलेली माहिती) साफ करताना रिकामी जागा असलेल्या सर्व ओळी निमूटपणे वगळल्या जातात, आज्ञावली एकही तक्रार न करता चालते आणि आठशे जणांचा अभ्यास पाचशेंवर येतो. प्रत्येक टप्प्यापूर्वी आणि नंतर ओळींची संख्या छापून घ्यावी, उत्तर हाताने काढता येईल अशा दहा ओळींच्या लहान तक्त्यावर आधी चाचणी करावी, आणि ज्या सांख्यिकी कसोटीचे नाव चॅटबॉटने सुचवले आहे तिची गृहीतके आपल्या विदेला लागू पडतात का, हे पुस्तकात पाहावे. रुग्णांची माहिती, मुलाखतींचे मूळ शब्द किंवा अप्रकाशित निष्कर्ष संस्थेच्या परवानगीशिवाय कोणत्याही सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकू नयेत.

चॅटबॉटकडून मजकुरांचे वर्गीकरण करून घ्यायचे असेल, उदाहरणार्थ मुलाखतींतील उत्तरांना संकेत देणे, तर आधी दोन माणसांनी एक नमुना स्वतंत्रपणे वर्गीकृत करावा आणि त्यांच्यात आपसात किती एकमत आहे, त्याच्याशी यंत्राचे एकमत ताडावे. प्रारूपाचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पूर्ण सूचना नोंदवून ठेवावी. तीच सूचना उद्या वेगळे उत्तर देऊ शकते, आणि आवृत्ती बंद झाल्यावर प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करता येत नाही.

समीक्षा आणि जाहीर कबुली

दुसऱ्याचा अप्रकाशित निबंध किंवा अनुदानाचा प्रस्ताव समीक्षेसाठी आला असेल तर तो चॅटबॉटला देऊ नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून २०२३ मध्येच प्रस्तावांच्या समीक्षेत अशा साधनांच्या वापराला मनाई केली, आणि कारण गोपनीयतेचे होते. दुसरे कारण जुलै २०२५ मध्ये पुढे आले: आर्काइव्ह या संग्रहातील १७ प्रीप्रिंटांमध्ये पांढऱ्या किंवा अतिसूक्ष्म अक्षरांत ‘फक्त अनुकूल अभिप्राय द्या’ अशा अर्थाच्या सूचना यंत्रासाठी दडवलेल्या आढळल्या. समीक्षकाने स्वतः वाचले असते तर त्या ओळींचा काहीच उपयोग झाला नसता.

स्वतःच्या निबंधाची भाषा सुधारून घेण्याला बहुतेक शोधपत्रिकांची हरकत नसते. जैववैद्यकीय क्षेत्रातील दीड कोटी गोषवाऱ्यांच्या एका विश्लेषणानुसार २०२४ सालच्या किमान १३.५ टक्के गोषवाऱ्यांवर या प्रारूपांचा हात फिरलेला होता. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा संशोधकांना यातून खरोखर मदत झाली आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र सुधारलेला मजकूर मूळ मजकुराशेजारी ठेवून ओळीगणिक ताडावा, कारण ‘सूचित होते’ या जागी ‘सिद्ध होते’ येऊन बसणे ही अशा सुधारणेतली ठरलेली चूक आहे. २०२४ साली एक निबंध ‘अवश्य, आपल्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होऊन छापलाही गेला. लेखक, समीक्षक आणि संपादक यांच्यापैकी कोणीही पहिली ओळ वाचली नव्हती असाच त्याचा अर्थ होतो.

लेखक म्हणून चॅटबॉटचे नाव देऊ नये. नेचर आणि सायन्स या शोधपत्रिकांनी जानेवारी २०२३ मध्ये आणि प्रकाशन-नीतिमत्ता समितीने त्याच्या पुढच्या महिन्यात ही भूमिका जाहीर केली. लेखकाला मजकुराची जबाबदारी घ्यावी लागते आणि यंत्र ती घेऊ शकत नाही, हे त्यामागचे कारण. वापराची नोंद मात्र करावी आणि ती नेमकी असावी. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली’ या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘चर्चा या विभागातील इंग्रजी भाषेच्या दुरुस्तीसाठी अमुक प्रारूपाची अमुक आवृत्ती अमुक महिन्यात वापरली. विश्लेषणाच्या आज्ञावलीचा प्रारंभिक मसुदाही त्याच प्रारूपाकडून घेतला आणि तो लेखकांनी ज्ञात उत्तरांच्या नमुन्यावर तपासला. संदर्भांची निवड आणि निष्कर्षांचा अर्थ लेखकांनी लावला असून सर्व मजकुराची जबाबदारी त्यांची आहे.’ ही नोंद ऋणनिर्देशात द्यावी की पद्धतीच्या विभागात, आणि चित्रे तयार करून घेण्यास परवानगी आहे की नाही, हे शोधपत्रिकेगणिक बदलते, म्हणून निबंध पाठवण्याच्या दिवशी त्या शोधपत्रिकेचे लेखकांसाठीचे नियम पुन्हा उघडून पाहावेत. संभाषणांच्या प्रती विदेबरोबर एकाच ठिकाणी साठवाव्यात. निबंध छापून आल्यानंतरही एखाद्या वाचकाने कोष्टकातील आकड्याविषयी विचारणा केली तर तो आकडा कोणत्या पायरीवर आला हे त्यांतूनच दाखवता येते.